आधी तपासणी, मग पथ्य

रियाधमधल्या प्राथमिक शाळांतल्या 7,930 मुलांचं रक्त 2014-15 मध्ये एका पाहणीसाठी तपासलं गेलं. ही मुलं आजारी म्हणून निवडलेली नव्हती. रोज शाळेत येणारी, मधल्या सुट्टीत डबा खाणारी, खेळणारी मुलं होती. त्यांतल्या 221 जणांच्या रक्तात सिलिअ‍ॅक आजाराकडे बोट दाखवणारी प्रतिद्रव्यं सापडली, आणि पुढे आतड्याचा तुकडा तपासल्यावर (बायोप्सी) 119 जणांना तो आजार असल्याचं पक्कं झालं. म्हणजे शंभरात दीड. मुलींमधलं प्रमाण मुलांच्या दुप्पट निघालं. अब्दुलरहमान अल-हुसैनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली ही पाहणी 2017 मध्ये ‘जर्नल ऑफ पीडिअ‍ॅट्रिक गॅस्ट्रोएंटरॉलॉजी अँड न्यूट्रिशन’मध्ये प्रसिद्ध झाली. जगभरच्या पाहण्या एकत्र करून 2018 मध्ये काढलेला बायोप्सीने सिद्ध झालेल्या आजाराचा आकडा शंभरात 0.7 आहे, रियाधचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त. त्याआधी 2013 मध्ये असीर, मदिना आणि कसीम या तीन प्रांतांतल्या 1,167 शाळकरी मुलामुलींची पाहणी झाली होती. तिच्यातही 26 जणांच्या रक्तात ही प्रतिद्रव्यं मिळाली होती. तेव्हा सौदी अरेबियात हा आजार दुर्मीळ आहे, असं म्हणायला जागा उरत नाही. गल्लीत शंभर मुलं असतील तर त्यांतल्या एखाद-दुसऱ्याला तो असणार, आणि बहुतेकदा ना त्याला माहीत असणार, ना त्याच्या आईला.

मग निदान व्हायला इतका वेळ का लागतो? तपासणी अवघड आहे म्हणून, असं उत्तर सहज दिलं जातं. ते खरं नाही. हाताच्या शिरेतून काढलेल्या थोड्याशा रक्तावर ही चाचणी होते आणि रियाध, जेद्दा, दम्मामच्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत ती उपलब्ध आहे. अडतं ते तिच्या आधी. माणूस थकवा घेऊन एका दवाखान्यात जातो, सांधे दुखतात म्हणून दुसऱ्या, तोंड वरचेवर येतं म्हणून दातांच्या डॉक्टरकडे, आणि पोट फुगतं त्याची गोळी औषधाच्या दुकानातूनच घेतो. प्रत्येक जण आपापल्या तक्रारीपुरतं बरोबर औषध देतो. या सगळ्या तक्रारी एकाच डॉक्टरच्या डोक्यात एकत्र येत नाहीत तोवर ती साधी चाचणी कुणी लिहीत नाही. या आजाराचं निदान यंत्रावर फारसं अवलंबून नाही. ते पुरतं ऐकून घेणाऱ्या आणि योग्य क्रमाने पावलं टाकणाऱ्या डॉक्टरवर अवलंबून आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि असा डॉक्टर परक्या मुलखात ओळखता येतो, शोधता येतो. नशिबावर सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही.

आधी आजाराची ओळख हवी, कारण ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. सिलिअ‍ॅक हा शरीराने स्वतःवरच उलटण्याचा आजार. गहू, सातू आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की काही माणसांची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्न शोषून घेणाऱ्या तिथल्या बारीक झुलींची उंची कमी होत जाते आणि अखेर त्या सपाट होतात. दुसरी ती खरी अ‍ॅलर्जी. तिच्यात गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, क्वचित श्वास अडतो. तिसरा प्रकार असा, की आतड्याला इजा नाही, अ‍ॅलर्जीही नाही, तरी गहू सोसत नाही. तिन्हींचं पुढचं आयुष्य वेगवेगळं असतं. पहिल्यात जन्मभर काटेकोर पथ्य, हाडांची आणि थायरॉईडची देखरेख, नातेवाइकांची तपासणी. तिसऱ्यात पुष्कळदा प्रमाण कमी केलं तरी भागतं. म्हणून नुसतं ‘गहू बंद करा’ हे निदान होऊ शकत नाही.

सौदी ताटात गहू किती खोलवर बसला आहे हे बाहेरच्याला चटकन कळत नाही, कारण परदेशी माणसाला तिथला भात, म्हणजे कब्सा, तेवढा माहीत असतो. 2023 च्या जानेवारीत तिथल्या पाककला मंडळाने राष्ट्रीय पदार्थ म्हणून जाहीर केला तो ‘जरीश’, भरडलेल्या गव्हाचा. आणि राष्ट्रीय गोड पदार्थ ‘मकशूश’, तोही गव्हाच्या पिठाचा. वाळवंटातल्या या देशाने 1980 च्या दशकात सरकारी अनुदानाच्या जोरावर भूगर्भातलं पुन्हा न भरणारं पाणी उपसून गहू पिकवला. 1992 च्या सुमारास वर्षाला 40 लाख टनांपर्यंत मजल मारली आणि काही वर्षं जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत जागा मिळवली. पाणी संपत चालल्याचं लक्षात आल्यावर 2008 मध्ये सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय झाला. शेती आटली, रोटी आटली नाही; गहू आयात होऊ लागला. आजही भल्या पहाटे अफगाणी तमीस रोटीच्या भट्टीसमोर रांग लागते, आणि कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, खुबूस रोटीचं पाकीट इतकं स्वस्त असतं की कामगारांच्या मेसमध्ये पोट भरण्याचा तो पहिला आधार ठरतो. शिवाय पाहण्यांनुसार सौदी लोकसंख्येत या आजाराला वाट देणारी एचएलए जनुकं सुमारे निम्म्या लोकांत आहेत. जनुकं आणि गहू दोन्ही मुबलक असल्यावर शंभरात दीड या आकड्याचं फारसं नवल वाटायला नको.

आता आपल्या माणसांकडे वळू. सौदीत वीस लाखांहून जास्त भारतीय राहतात. त्यांत रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून दोन-तीन पिढ्या जात आलेली कोकणी मुस्लिम कुटुंबं आहेत, मुंबई-पुण्याचे इंजिनिअर आहेत, जुबैलच्या कारखान्यांतले फिटर-वेल्डर आहेत, रुग्णालयांतल्या परिचारिका आहेत. कोकणातल्या माणसाचं मूळ ताट भाताचं आणि तांदळाच्या भाकरीचं. देशावरच्या माणसाचं कालपरवापर्यंत ज्वारी-बाजरीचं. गहू सणावाराचा होता, तो रोजचा होऊन फार पिढ्या झालेल्या नाहीत. या बदलाला अर्थ किती, याचा एक चांगला पुरावा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी पाहणीत मिळतो. उत्तर भारत, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांतल्या 23,331 प्रौढांची तपासणी झाली. सिलिअ‍ॅकचं प्रमाण दर हजारी उत्तरेत 8.53, ईशान्येत 4.66 आणि दक्षिणेत अवघं 0.11 निघालं. आजाराला वाट देणारी जनुकं मात्र तिन्हीकडे साधारण सारखीच, तीन माणसांत एकाकडे. फरक होता तो गव्हात. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी 455 ग्रॅम, ईशान्येत 37 आणि दक्षिणेत 25. ईशान्येचा आकडा या हिशेबात चपखल बसत नाही, हे कबूल करायला हवं. गव्हाचं प्रमाण हेच एकमेव कारण असतं तर तिथला आजार दक्षिणेइतकाच दिसायला हवा होता. तरी एवढं निश्चित, की आपल्याकडे हा आजार दिसत नाही याचा अर्थ आपल्यात त्याची पात्रता नाही असा होत नाही. त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. भातखाऊ कोकण आणि पोळीखाऊ शहरं एकाच राज्यात असताना आपला आकडा कुठेतरी मध्ये पडत असावा, असा तर्क करता येतो, त्यापलीकडे नाही.

‘हे पंजाब्यांचं दुखणं, आपल्यात नसतं’ हा समज एकट्या रुग्णाचा नसतो, डॉक्टरांचाही असतो. सौदीतल्या खासगी पॉलिक्लिनिकांत भारतीय रुग्ण भाषेच्या सोयीने भारतीय किंवा पाकिस्तानी डॉक्टर गाठतो, आणि त्या भारतीयांत केरळचे डॉक्टर पुष्कळ. दक्षिणेत ज्यांचं शिक्षण आणि उमेदवारी झाली, त्यांनी हजारी 0.11 या प्रमाणाच्या प्रदेशात सिलिअ‍ॅकचे रुग्ण कितीसे पाहिले असणार? त्यांच्या हुशारीबद्दल हा प्रश्न नाही. डॉक्टर जे वारंवार पाहतो त्याचाच त्याला आधी संशय येतो, एवढंच. उलट रियाधच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातला पोटविकारतज्ज्ञ हा आजार नेहमी पाहतो, पण तिथपर्यंत परदेशी कामगाराची वाट सहसा पोचत नाही. म्हणजे ज्याला आजार माहीत आहे त्याच्यासमोर हा रुग्ण येत नाही, आणि ज्याच्यासमोर येतो त्याच्या अनुभवात तो आजार नाही.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. या आजाराच्या खुणा आपल्या समाजात ‘असतंच की’ म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या खुणा आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त बायकांचं हिमोग्लोबिन कमी असेल तर नऊ-साडेनऊचा आकडा पाहून कोण थबकणार? लोहाच्या गोळ्या लिहिल्या जातात, आणि त्या योग्यच. आखाती देशांत ड जीवनसत्त्वाची कमतरता तर घरोघरी. उन्हाचा देश असूनही लोक उन्हात बसत नाहीत, म्हणून त्याचीही कॅप्सूल ठरलेली. वाऱ्याचा त्रास, आंबट ढेकर, कधी पातळ कधी घट्ट, याला ‘तिकडचं पाणी बाधलं’ हे उत्तर तयारच असतं. आता यातली एक गोष्ट जवळून पाहू. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सिलिअ‍ॅकमध्ये सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त खराब होतो तोच भाग. त्यामुळे गोळी नियमाने गिळूनही रक्त चढत नाही. तीन महिने लोह घेऊन हिमोग्लोबिन जेमतेम हललं, तर प्रश्न गोळीच्या ब्रँडचा नसून ती शोषली जाते का हा असतो. इथे एक डॉक्टर जास्त ताकदीची गोळी लिहितो, दुसरा शिरेतून लोह देतो, आणि तिसरा विचारतो, ‘का चढत नाही?’ तिसरा आपला.

लक्ष देऊन ऐकण्याला वैद्यकात किती किंमत आहे, हे याच आजाराच्या इतिहासात दिसतं. सॅम्युअल गी यांनी लंडनमध्ये 1888 साली त्याचं नेटकं वर्णन केलं आणि पथ्यातच उपाय असणार हेही ओळखलं. पण कुठलं पथ्य, ते सापडेना. अमेरिकेत सिडनी हास यांनी 1924 मध्ये केळ्यांचा आहार सुचवला. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळालं, जरी खरं काम त्या आहारातून वगळलेल्या पावाने केलं होतं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना 1930 च्या दशकात एका आईने सांगितल्याचं नमूद आहे, की पाव बंद केला की मूल सुधारतं आणि परत दिला की बिघडतं. एखाद्याने हसून सोडून दिलं असतं. डिके यांनी ते मनात ठेवलं, पाव काढलेले आहार देऊन पाहिले. 1944-45 च्या हिवाळ्यात दुष्काळामुळे देशात पाव मिळेनासा झाला तेव्हा इतर मुलं खंगत असताना ही मुलं सुधारली, आणि मदतीचा पाव आल्यावर पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये उट्रेख्टला त्यांनी याच विषयावर प्रबंध सादर केला. आईच्या बोलण्यापासून प्रबंधापर्यंत बरीच वर्षं गेली, आणि त्या वर्षांत त्यांनी नुसती सहानुभूती दाखवली नाही, मोजमाप केलं. ऐकणं आणि मोजणं अशा दोन्ही गोष्टी लागतात. नुसता गोड बोलणारा डॉक्टर या आजारात फारसा कामाचा नाही.

मोजमापाचा क्रम रुग्णालाही माहीत असावा. पहिली चाचणी ‘टीटीजी-आयजीए’ या प्रतिद्रव्याची. तिच्याबरोबरच रक्तातलं एकूण आयजीए मोजावं लागतं, कारण सिलिअ‍ॅकच्या रुग्णांपैकी दोन-तीन टक्क्यांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही; त्यांची पहिली चाचणी आजार असूनही ‘नॉर्मल’ येते. हे एकूण आयजीए कुणी लिहिलं आहे का, एवढ्यावरूनही डॉक्टरची पारख होते. चाचणी सकारात्मक आली तर प्रौढ माणसात सहसा एन्डोस्कोपी करून लहान आतड्याच्या पहिल्या भागातून एक-दोन आणि त्यापुढच्या भागातून निदान चार तुकडे घेतात. इजा ठिपक्याठिपक्यांनी असते, म्हणून एकाच तुकड्यावर भागत नाही. मुलांच्या बाबतीत युरोपीय बालपोटविकार संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापट असेल आणि दुसऱ्या नमुन्यातली ईएमए ही प्रतिद्रव्याची चाचणीही सकारात्मक आली, तर तुकडा न घेताही निदान करता येतं. आणि तुकड्यात झुली सपाट दिसल्या म्हणून लगेच सिलिअ‍ॅक असंही नाही. आपल्या भागातल्या माणसात ट्रॉपिकल स्प्रू, जिआर्डियाचा संसर्ग, आतड्याचा क्षय यांतही चित्र तसं दिसू शकतं. ओल्मेसार्टन या रक्तदाबाच्या गोळीनेही तसं होतं, हे 2012 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दाखवलं. भारतातून आलेल्या माणसाकडे पाहताना रक्त आणि तुकडा दोन्ही जुळतात का, हे पडताळणारा डॉक्टर हवा.

या सगळ्याची एक अट आहे आणि सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. तपासणी होईपर्यंत गहू खात राहायला हवं. गहू सोडला की प्रतिद्रव्यं हळूहळू उतरतात, अस्तर भरून येऊ लागतं, आणि चाचणी खोटं सांगते. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेचं मार्गदर्शन असं, की तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन असावं. आधीच गहू सोडून बसलेल्या माणसाला एचएलए जनुकांची चाचणी करता येते. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. ती नकारात्मक आली तर सिलिअ‍ॅक जवळपास निकालात निघतो. सकारात्मक आली तर मात्र तिने काहीच सिद्ध होत नाही, कारण ती जनुकं असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणूस घेतो. गहू सोडून बरं वाटत असेल तर सुई आणि नळीचा खटाटोप कशाला? आक्षेप वजनदार आहे. परदेशात, विम्याच्या कटकटीत, रजा काढून एन्डोस्कोपी करणं सोपं नाही. पण निदानाशिवाय केलेलं पथ्य टिकत नाही. सहा महिन्यांनी बरं वाटू लागलं की माणूस शुक्रवारच्या दावतीत समोसा खातो, लगेच काही होत नाही म्हणून दुसऱ्यांदा खातो. ज्याला खरा सिलिअ‍ॅक आहे त्याचं आतडं पोटात न दुखताही आतून झिजत राहतं, हाडं ठिसूळ होत जातात, गर्भधारणेत अडचणी येऊ शकतात, आणि क्वचित आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोगही होतो. उलट ज्याला तो नाही, तो उगाच जन्मभर महागडी ‘ग्लुटेन-फ्री’ पाकिटं विकत घेत बसतो. शिवाय गव्हाखाली झाकलेलं दुसरंच काही, क्षय किंवा आतड्याची दुसरी सूज, राहून जाऊ शकतं. आधी सोडून पाहणं वरवर स्वस्त वाटतं, पण त्याने नंतरची प्रत्येक तपासणी अवघड होते.

दुसरा आक्षेप शहाण्या डॉक्टरांकडून येतो: हे सगळं अमेरिकेतून आलेलं फॅड आहे, प्रत्येक ढेकरेमागे लोक ग्लुटेन शोधू लागले आहेत. यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाने 2011 मध्ये, सिलिअ‍ॅक नसलेल्यांनाही ग्लुटेनने त्रास होतो, असं सुचवणारा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच गटाने 2013 मध्ये आहारातली आंबणारी कर्बोदकं आधी कमी करून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ग्लुटेनचा वेगळा असा परिणाम दिसला नाही. नॉर्वेतल्या 2018 च्या प्रयोगात ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान या गव्हातल्या साखरसाखळीने जास्त त्रास झाला, आणि फ्रुक्टान कांद्यात आणि लसणातही भरपूर असतं. तेव्हा ‘गहू सोसत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांचा खरा वैरी कांद्याच्या वाटणात असू शकतो! पण या माहितीतून निघतं काय? तपासू नका, असं नक्कीच नाही. फॅड आणि आजार वेगळे करण्याचं साधन तपासणी हेच आहे. रुग्णाला ‘डोक्यातलं खूळ’ म्हणून वाटेला लावणारा डॉक्टर आणि चाचणीशिवाय गहू बंद करायला सांगणारा डॉक्टर, दोघांनीही तेच एक काम टाळलेलं असतं.

तिसरा आक्षेप पैशाचा. प्रत्येक पोटदुखीला ही चाचणी लिहायची तर विमा कंपन्या बुडतील. प्रत्येकाला लिहा, असं कुणी म्हणत नाही. इटलीने सप्टेंबर 2023 मध्ये कायदा करून मुलांच्या सरसकट तपासणीचा मार्ग धरला. सौदीने किंवा भारताने तो धरावा असा माझा आग्रह नाही. पण लोहाला दाद न देणारं कमी रक्त, मुलाची खुंटलेली उंची, टाइप वन मधुमेह, थायरॉईडचा स्वयंप्रतिकार आजार, कारण न सापडलेलं वंध्यत्व, यकृताच्या चाचण्यांत उगाच वाढलेले आकडे, किंवा कुटुंबात कुणाला निदान झालेलं, एवढी यादी डॉक्टरच्या टेबलाच्या काचेखाली मावते. लहान वयातल्या टाइप वन मधुमेहात सौदी अरेबिया जगात वरच्या देशांत आहे, तेव्हा तिथे तरी ही यादी पाठ असायला हवी.

सगळा दोष डॉक्टरवर ढकलणंही बरोबर नाही. लक्ष द्यायला वेळ लागतो आणि वेळ व्यवस्था देते. सौदीत खासगी क्षेत्रातल्या परदेशी नोकरदाराला मालकाने आरोग्यविमा देणं बंधनकारक आहे. ही चांगली गोष्ट, आणि कित्येक देशांत ती नाही. पण पॉलिसीच्या वर्गाप्रमाणे दवाखान्यांची यादी बदलते, नोकरी बदलली की विमा कंपनी बदलते, आणि त्याबरोबर फाइल नंबरही. मागच्या दवाखान्यातलं हिमोग्लोबिन पुढच्याला दिसत नाही. त्यात 2017 च्या जुलैपासून परदेशी नोकरदारांवर अवलंबून असणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिना 100 रियाल शुल्क लागू झालं, ते दरवर्षी वाढत 2020 मध्ये 400 वर गेलं. कितीतरी कुटुंबं परत आली. नवरा दम्मामला, बायकोमुलं चिपळूणला, आणि तपासणीचे कागद दोन्हीकडे अर्धे अर्धे. अशा स्थितीत रुग्णाने आपला इतिहास स्वतः सांभाळणं ही चैन राहत नाही. एका कागदावर तारखा, प्रत्येक वेळचं हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), वजन, कुठलं औषध किती दिवस घेतलं आणि फरक पडला की नाही. हा कागद पुढे ठेवल्यावर जो डॉक्टर तो वाचतो आणि त्यावरून एक तरी प्रश्न विचारतो, त्याच्याकडे परत जावं. जो न बघता बाजूला सरकवतो, त्याच्या नावापुढे कितीही पदव्या असोत, दुसरा दरवाजा बघावा. भाषेची अडचण असेल तर हिंदी किंवा उर्दू बोलणाऱ्या डॉक्टरला दाखवून त्याच्याकडूनच पोटविकारतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी घेणं हा रुळलेला मार्ग आहे. चिठ्ठीत ‘पोटदुखी’ऐवजी ‘लोहाला दाद न देणारं कमी रक्त’ असं लिहिलं असेल तर विम्याची मंजुरी मिळवणंही सोपं जातं.

निदानानंतरचं आयुष्य मराठी स्वयंपाकघराला वाटतं तेवढं परकं नाही. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळ्या डाळी, वरी, राजगिरा, साबुदाणा, यांत ग्लुटेन नसतंच. आपला उपवासाचा फराळ तर जवळजवळ जसाच्या तसा चालतो. सौदीच्या नैर्ऋत्येला जाझानमध्येही ज्वारी-बाजरी पिढ्यान्पिढ्या खाल्ली जाते, आणि मोठ्या शहरांतल्या हायपरमार्केटांत भारतीय ज्वारीचं पीठ मिळतं. धोका उघड गव्हात कमी, लपलेल्या गव्हात जास्त. बाजारातला बांधणी हिंग मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो, म्हणजे वरणाच्या फोडणीतच गहू गेला. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सोया सॉसमध्ये असतो. गिरणीवर गव्हानंतर त्याच जात्यातून दळलेली ज्वारी शुद्ध राहत नाही. ज्वारी निवडून, धुऊन घरीच दळावी किंवा ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं पाकीट घ्यावं. त्या शब्दामागे आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे, किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत. दिवाळीत करंजी, शंकरपाळे आणि रव्याचे लाडू बाजूला पडतात; अनारसे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा आणि तांदूळ-डाळींच्या भाजणीची चकली राहते, हिंग तेवढा खड्याचा घ्यावा. हे सांगायलाही डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ लागतो. ‘गहू खाऊ नका’ एवढ्या तीन शब्दांवर घरी पाठवलेला रुग्ण हिंगाच्या डबीपाशी अडखळणारच. पथ्य सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने टीटीजी पुन्हा मोजतात. तो उतरत नसेल तर घरातल्या डब्यांवरची लेबलं पुन्हा वाचायला बसावं.

एक काम मात्र सौदीतला सर्वांत चांगला डॉक्टरही एकट्याने करू शकत नाही. सिलिअ‍ॅक झालेल्या माणसाच्या सख्ख्या नातेवाइकांत, म्हणजे आईवडील, भावंडं आणि मुलांत, हा आजार असण्याचं प्रमाण शंभरात सात-साडेसात इतकं आहे, आणि त्यांतल्या अनेकांना लक्षणंच नसतात. आखातात निदान झालेल्या आपल्या माणसाचे हे नातेवाईक बहुधा महाराष्ट्रात असतात आणि त्यांना कुणी काही कळवत नाही. तुमच्या घरातलं कुणी रियाधला किंवा जुबैलला असेल आणि फोनवर ‘डॉक्टरने गहू बंद केलाय’ म्हणालं, तर एवढं विचारा, की तपासून बंद केला की न तपासता. तपासून केला असेल तर त्या अहवालाची प्रत मागवा, ती तुमच्या डॉक्टरला दाखवा, आणि पोळी न सोडता स्वतःची टीटीजी करून घ्या.